जेवणाच्या सुट्टीतली भिंत

मला राग फार लवकर येतो. साइटवरची पोरं माझ्या पाठीमागं मला 'मिळगा' म्हणतात. मिळगा म्हणजे तमिळमध्ये मिरची. मला हे कळतं ते त्यांना ठाऊक नाही आणि मीही कळू देत नाही. सातारच्या बाईला मिरची म्हणणं म्हणजे तसं कौतुकच की! लग्न होऊन चेन्नईला आले त्याला अठरा वर्षं झाली. नवरा गाड्यांच्या कारखान्यात, मी बांधकामावर इंजिनियर. तमिळ चांगलं बोलते, पण भडकले की आपोआप मराठी सुरू होतं, आणि गंमत अशी की तेव्हाच सगळ्यांना माझं म्हणणं नीट समजतं.

तर त्या दिवशी मी अशीच भडकलेली होते. वेलचेरीच्या साइटवर काँक्रीटची गाडी यायला उशीर झाला होता, मी गेटवर फोनवर कुणाला तरी झापत होते, आणि एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी माझा फोन संपायची वाट बघत समोर उभी होती. फोन ठेवला तशी म्हणाली, "मॅडम, मला गवंडी व्हायचंय."

"काय?"

"गवंडी. कोत्तनार. तुम्ही कुणाच्या तरी हाताखाली घाला मला."

आता गाडी आलेली नाही, वर पंचवीस माणसं हात बांधून बसलीत, आणि ही बया गवंडी व्हायला आलीय. मी म्हटलं, "अगं, ही काय भातुकली वाटली का तुला? ऊन बघितलंस का हे? घरी जा, कॉम्प्युटर-बिम्प्युटर शीक."

ती हलली नाही. म्हणाली, "ऊन माझ्या आईला पण लागतं, मॅडम."

तिची आई आमच्याकडेच होती. वीस वर्षं सित्ताळ. सित्ताळ म्हणजे डोक्यावरून विटा, रेती, माल वाहून नेणारी बाई, आपल्याकडची बिगारी. या धंद्यात पुरुष बिगारी म्हणून येतो आणि चार-पाच वर्षांत माल थापायची करणी हातात घेऊन गवंडी होतो. बाई सित्ताळ म्हणून येते आणि गुडघे गेले की सित्ताळ म्हणूनच घरी जाते. मी त्या आईला रोज 'अक्का, जपून' म्हणत होते आणि तिला करणी का मिळाली नाही याचा मी वीस सेकंदसुद्धा कधी विचार केला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला माझीच लाज वाटली.

मुलीला जेवणाच्या वेळी बोलावून घेतलं. बारावी झालेली. सरकारी प्रशिक्षण शाळेत गवंडीकामाच्या वर्गात नाव घालायला गेली, तर तो वर्गच बंद. शिकवणारे निवृत्त झाले, नवे कुणी आले नाहीत, आता त्या खोलीत मोबाइल दुरुस्ती शिकवतात. मग एका मोठ्या बिल्डरकडे शिकाऊ म्हणून अर्ज केला. ते म्हणाले, आम्हाला फक्त साचे जोडणारे हवेत, आणि मुलगे हवेत.

साच्यांचं खरं होतं. आमच्याच साइटवर तेच चाललं होतं. वरच्या मजल्यांना वीट नाही, गिलावा नाही. ॲल्युमिनियमचे साचे पिना ठोकून जोडायचे, आत सळ्या, वरून काँक्रीट ओतायचं. साचा काढला की भिंत तयार, आरशासारखी. पिना ठोकायला पोरं ओडिशा-बिहारकडून येतात, सहा महिन्यांनी ठेकेदार त्यांना हैदराबादला हलवतो. त्यांतल्या एकाला मी विचारलं होतं, काय शिकलास रे तीन वर्षांत? त्यानं हसून हातातली हातोडी दाखवली. त्या लेकरांचा काय दोष? पण पूर्वी प्रत्येक गवंड्याच्या हाताशी एक शिकाऊ असायचा, तो आता कुठंच दिसत नाही. शिकायचंय कुणाला तर उभं कुठं राहायचं, हाच प्रश्न.

मला हे जास्त टोचतं, कारण माझे वडील गवंडी. त्यांच्या हाताखाली कायम एक-दोन शिकाऊ असत. मी मात्र करणीला हात लावला की हातावर फटका बसायचा. "पोरीच्या जातीनं करणी धरायची नाही. शीक, साहेब हो." झाले साहेब. कागदावर शेकडो कोपरे काढले आणि एकही कोपरा हातानं बांधला नाही.

आमच्याकडे विटेचं काम जमिनीलगत तेवढं उरलं होतं: मीटरची खोली, वॉचमनची केबिन, आणि सगळ्या प्लॉटला वेढा घालणारी लांबलचक कुंपणभिंत. हे काम तिरुवण्णामलैकडचे एक म्हातारे मेस्त्री आणि त्यांचे दोन गवंडी करत होते. मी मुलीला घेऊन मेस्त्रींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"शिकवून काय करू, इंजिनियरम्मा? ही शिकेल, पण विटा कुठं आहेत? माझा मुलगा स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवतो. त्याला मी मुद्दाम नाही शिकवलं."

"त्याला नको होतं. हिला हवंय."

"हे काम झालं की मी गावी जाणार. अर्धवट शिकलेला गवंडी म्हणजे अर्धी कापलेली दाढी."

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. मग त्यांनी मुलीला हात पुढं करायला सांगितलं. तिनं डावा हात पुढं केला. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "डावखुरी! मुरुगा, मुरुगा!"

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन आली. ताटात विड्याची पानं, सुपारी, एक लिंबू, दोन केळी. ताट मेस्त्रींसमोर ठेवलं, त्यांची करणी उचलून डोळ्यांना लावली. असं ताट आलेलं परत पाठवायचं नसतं. मेस्त्रींनी लिंबू उचलून खिशात टाकलं. मग म्हणाले, "उद्यापासून. जेवणाच्या सुट्टीत."

जेवणाची सुट्टी म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको होतं. माझ्या वडिलांकडेही तीच रीत. शिकाऊ माणसाला खऱ्या भिंतीला हात लावू देत नाहीत. दुपारी सगळे जेवायला बसले की त्यानं नुसत्या मातीच्या गाऱ्यात भिंत बांधायची. लांब नाही, एका कोपऱ्यापुरती, कमरेएवढी उंच. मेस्त्री हात धुऊन येतो, ओळंबा सोडून भिंत सरळ उभी आहे का बघतो आणि म्हणतो, "पाड." भिंत चांगली असली तरी पाडायचीच. शिटी व्हायच्या आत विटा धुऊन जागेवर रचून ठेवायच्या. उद्या पुन्हा.

बाकी दिवसभर ती आईबरोबर सित्ताळ, ठेकेदारानं कार्डही तसंच काढलं होतं. भर मे महिना. कडुलिंबाच्या झाडाखाली आम्ही ताक पीत बसलेलो आणि ती पोर पलीकडं एका ओल्या पोत्यावर बसून कोपरा उभारतेय. पहिले आठ दिवस तर बघवत नव्हतं. जेवण आटोपून मेस्त्री हात दाखवायला आले की तिला आपल्या उजव्या बाजूला उभी करायचे, कारण शिकाऊ तिथंच उभा राहतो. हिचा डावा हात आणि त्यांचा उजवा हात एकमेकांवर आपटायचे, माल सांडायचा, मेस्त्री ओरडायचे. एके दिवशी त्यांचा संताप एवढा झाला की त्यांनी तिला खांद्याला धरून भिंतीच्या पलीकडंच नेऊन उभं केलं. "जा, तिकडून बांध!" आणि काय सांगू, तिकडून तिचा हात असा चालायला लागला की मेस्त्री स्वतःच हसायला लागले. त्यानंतर दोघं समोरासमोर बसूनच काम करायचे, मध्ये भिंत. ती त्यांना तात्ता म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि ते तिला कण्णू, म्हणजे डोळा, लाडानं.

आई झाडाखाली दहीभाताचा डबा उघडून बघत बसायची. 'पाड' म्हटलं की डबा बंद करून उठायची आणि मुलीबरोबर विटांचा गारा धुवायला लागायची.

मेस्त्रींनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. भिंतीच्या मधल्या विटा दोरीला धरून कुणीही लावेल. कोपऱ्याला दोरी नसते, दोरी कोपऱ्यापासूनच सुरू होते. म्हणून कोपरा मेस्त्रीचा. ज्या दिवशी मेस्त्री शिकाऊला खऱ्या भिंतीचा कोपरा देतो, त्या दिवशी तो गवंडी. मग दुसरा कुठलाही मेस्त्री त्याला कामावर घेतो, कारण 'कोपरा कुणी दिला?' एवढंच विचारतात. नाही मिळाला तर नाही. "कुंपणभिंतीला मागच्या बाजूला शेवटचा कोपरा आहे," ते म्हणाले. "तिथं पोचेस्तोवर तुझा हात बसला, तर तो तुझा."

बसत होता. मी स्वतः बघत होते. विटा आदल्या दिवशी भिजत घालायची, माल घट्ट की सैल ते चिमटीत धरून सांगायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायची नाही. एकच खोड होती. पाचव्या थरानंतर तिचा कोपरा किंचित बाहेर झुकायचा. घाई. "पोट भुकेलं की हात पुढं पळतो," मेस्त्री म्हणायचे. "कण्णू, आधी जेव." ती जेवायची नाही.

आणि मग एके सकाळी गेटवर लांब ट्रेलर लागले. त्यांवर काँक्रीटचे तयार पॅनेल, माणसाहून उंच. कुंपणभिंतीचे. खांब रोवायचे आणि त्यांच्या खाचांत पॅनेल सरकवायचे, चार दिवसांत कुंपण उभं. वीट नाही, दोरी नाही, कोपरा नाही.

मी ऑफिसला फोन लावला आणि आवाज चढवला. कुणी ठरवलं हे? कुणाच्या परवानगीनं? पलीकडचा मुलगा बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचीच सही आहे."

होती. तीन आठवड्यांपूर्वी कागदांचा गठ्ठा आला होता. काम मागं पडलंय, वेळ वाचेल, म्हणून मी त्यावर डोळे मिटून सही ठोकली होती. भिंत, लांबी, उंची, पर्याय तयार पॅनेल, मान्य. त्या कागदावरची भिंत आणि या पोरीची भिंत एकच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्यांवर तोंडाचा पट्टा सोडणारी मी! कंटेनर-ऑफिसमध्ये दार लावून रडले. राग नव्हता तो, नुसती शरम.

मेस्त्रींना जाऊन सांगितलं, सही माझी. ते म्हणाले, "तुम्ही नसती केलीत, तर दुसऱ्यानं केली असती, इंजिनियरम्मा." हे खरंच होतं, आणि त्यानं मला काडीचंही बरं वाटलं नाही. मुलीला मीच सांगितलं. तिनं पॅनेलांकडं बघितलं, मग मला विचारलं, "केबिन तरी विटेचीच आहे ना?"

केबिन विटेची होती. मीटरची खोली होऊन गेली होती, आता साइटवर वीट म्हणून लागणार होती ती फक्त या केबिनला. वेलचेरीत पाणी भरतं म्हणून जोतं चांगलं कमरेएवढं उंच घेतलेलं, त्यावर चार भिंती. चार कोपरे. एक मेस्त्रींचा, दोन त्यांच्या दोन गवंड्यांचे. चौथा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपली जुनी करणी, जिचं पातं झिजून तळहाताएवढं राहिलं होतं, ती त्यांनी तिच्यासमोर धरली आणि चौथ्या कोपऱ्याकडं बोट केलं.

लगेच ठेकेदाराचा माणूस आडवा आला. "हिचं कार्ड सित्ताळचं आहे. करणी धरता येणार नाही."

झालं! माझी मिरची पेटली. "कार्ड तुमच्या खिशात ठेवा," मी म्हटलं, "ओळंबा माझ्या हातात आहे. ती कोण आहे ते ओळंबा सांगेल, तुम्ही नाही!" सगळी साइट ऐकत होती. मलाही माझं वाक्य फार आवडलं.

दुपारी बाराच्या सुमारास आठ थर झाले. मी ओळंबा घेऊन गेले. ठेकेदाराचा माणूस मुद्दाम येऊन उभा राहिला. वर ठोकळा धरला, खाली लंबक सोडला, तो थांबायची वाट बघितली. लंबकाच्या आणि विटेच्या मध्ये फट. अर्धं बोट. पाचव्या थरापासून वर, तीच जुनी खोड.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि खरं सांगते, माझ्या तोंडावर शब्द आला होता: चालेल. गिलाव्यात अर्धं बोट झाकलं जातं. ठेकेदारांची याहून वाकडी कामं मी पास केलीत. तिची अख्खी कुंपणभिंत मी एका सहीनं घालवली होती, आता एका शब्दानं परत करता येत होती. मेस्त्री तीन हातांवर उभे होते, माझ्याकडं न बघता अंगठ्यानं हातावरचा वाळलेला माल खरवडत होते.

"मॅडम, जरा बाजूला व्हा," मुलगी म्हणाली.

तिनं लंबक आधीच बघितला होता. पाचव्या थरापासून एकेक वीट उचलली, माल खरवडून काढला, विटा पाण्यात टाकल्या. कुणी 'पाड' म्हटलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस हसला. "काय मॅडम, ओळंबा काय सांगतोय?" आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

तेवढ्यात जेवणाची शिटी झाली. सगळे झाडाखाली गेले. ती पण उठली, मला वाटलं रडायला कुठंतरी जाईल. ती आईजवळ जाऊन बसली, डबा घेतला, आणि सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली. हात धुतले. उरलेल्या सुट्टीत परत कोपऱ्याशी येऊन बसली.

दुसरी शिटी झाली तेव्हा तिचा हात नवव्या थरावर होता. या वेळी मेस्त्री स्वतः आले. माझ्या हातातून ओळंबा घेतला, सोडला. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. शाबास नाही की काही नाही. खिशातून दोरीचं रीळ काढलं, एक टोक आपल्या कोपऱ्याला बांधलं, चालत आले आणि दुसरं टोक तिच्या कोपऱ्याला बांधून ताणलं. त्या दोरीला धरून मधली भिंत लावायला दोन्ही गवंडी मुकाट्यानं बसले. मी ठेकेदाराच्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही, तो कधी गेला कुणास ठाऊक. मला एवढा आनंद माझ्या स्वतःच्या डिप्लोमाला झाला नव्हता.

मग विटा कमी पडल्या आणि गवंड्यांना माल-विटा पुरवायचं काम ज्यांचं, त्या आल्या. तिची आई घमेलं डोक्यावर घेऊन आली आणि मुलीच्या हाताशी विटा रचायला लागली. मुलीचा चेहरा पार उतरला. "अम्मा, तू नको आणूस."

"का? गवंड्याला विटा कोण देतं मग?" आई म्हणाली आणि पुढची खेप आणायला गेली. मुलगी करणी हातात धरून तिच्या पाठीकडं बघत राहिली, मेस्त्रींनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आली.

केबिन झाली. मेस्त्री गावी गेले, जाताना झिजलेली करणी तिच्याकडेच ठेवून गेले. आमच्या कंपनीच्या एकाही साइटवर आता वीट नाही. मी चार ठिकाणी फोन केले, सगळीकडं साचे. पण मेस्त्रींचा एक जुना सोबती तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारती दुरुस्त करतो. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या त्या लॉजसारख्या इमारती, भिंती सगळ्या विटेच्या. त्यानं एवढंच विचारलं, कोपरा कुणी दिला? आणि ठेवून घेतलं. काम असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा आठवडा-आठवडा नसतं. अक्काही साइट सोडून तिच्याबरोबरच तिकडं गेली. मला वाटलं, बाई सवयीनं गेली, लेकीला विटा पुरवायला.

परवा त्या बाजूला काम होतं, म्हणून दुपारी वाट वाकडी करून गेले. अरुंद गल्ली, आत चौक, चौकात रेतीचा ढीग. जेवणाची सुट्टी. गवंडी सावलीत आडवे झालेले. आणि चौकाच्या कोपऱ्यात आमची अक्का, पंचेचाळिशीची बाई, पदर खोचून ओल्या पोत्यावर बसलेली, हातात ती झिजलेली करणी. समोर मातीच्या गाऱ्यात सहा थरांचा कोपरा.

लेक पलीकडून ओळंबा सोडून बघत होती. "बाहेर गेलाय, अम्मा. पाड."

"अक्का," मी म्हटलं, "हे काय या वयात?"

तिनं वर बघितलं आणि गाऱ्यानं माखलेल्या हातानंच कपाळावरचा घाम पुसला. "वीस वर्षं विटा डोक्यावरून गेल्या, मॅडम. आता थोड्या हातातून जाऊ देत." मग तिनं सगळ्यात वरची वीट उचलली, धुतली आणि जागेवर नेऊन ठेवली.